गजाल, पैशुन्य आणि सत्यभामेचा रुसवा

वाणीने घडणाऱ्या पापांची मोजदाद भारतीय धर्मपरंपरांनी मोठ्या बारकाईने केली आहे. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात वाचिक पापे चार सांगितली आहेत: पारुष्य म्हणजे कठोर बोलणे, अनृत म्हणजे खोटे बोलणे, पैशुन्य म्हणजे चहाडी आणि असंबद्ध प्रलाप म्हणजे निरर्थक बडबड. बौद्धांच्या यादीतही हीच चार पापे थोड्या वेगळ्या क्रमाने येतात. जैनांच्या अठरा पापस्थानांत तर पैशुन्य आणि परपरिवाद, म्हणजे दुसऱ्याची निंदा, या दोहोंना स्वतंत्र स्थाने आहेत. तिन्ही परंपरांमध्ये इतर अनेक बाबतींत तीव्र मतभेद असले, तरी असत्य आणि चहाडी यांना एकाच पापात न घालता निरनिराळे मोजावे, यावर त्यांचे एकमत आहे. याचा सरळ अर्थ असा की चहाडी खोटी असावी लागत नाही. शब्दन् शब्द खरा असतानाही ती पाप ठरू शकते. मग खरे बोलणे पाप कसे होते, आणि ज्या नाट्यप्रकाराचा सारा व्यवहार कुणी कुणाला काय सांगितले यावरच चालतो, त्या प्रहसनाला देवळाच्या अंगणात स्थान कसे मिळते, हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

या विचारासाठी सावंतवाडी तालुक्यातील, तेरेखोल नदीकाठचे, गोव्याच्या सीमेलगतचे बांदा हे गाव सोयीचे आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण भाषेचे. बांद्याच्या मालवणी बोलीत, तशीच पलीकडच्या कोकणीतही, ‘गजाल’ हा शब्द रोजच्या वापरात आहे; गजाल म्हणजे गोष्ट, बाब, हकिकत, आणि अनेकवचनी ‘गजाली’ म्हणजे निवांत बसून मारलेल्या गप्पा. चहाडीसाठी या बोलीत ‘चाडी’ हा निराळा शब्द आहे. गजालीत शेजारपाजारच्या माणसांचा विषय निघतोच, तरीही गजाली मारणाऱ्याला कुणी चाडीखोर म्हणत नाही. जो भेद धर्मशास्त्राला व्याख्येने करावा लागला, तो बोलीने दोन साध्या शब्दांत करून ठेवला आहे. दुसरे कारण दशावताराचे. कार्तिकापासून सिंधुदुर्गातील गावोगावच्या जत्रांमध्ये रात्रभर चालणाऱ्या या नाट्यप्रकारात गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती आणि संकासुर यांचा पूर्वरंग, ज्याला आडदशावतार म्हणतात, तो संपल्यावर पौराणिक आख्यान सुरू होते. आख्यानातील राण्या, दासी, सवती आणि सख्या यांची कामे परंपरेने पुरुषच करतात आणि त्यांचे संवाद कुठल्याही लिखित संहितेत नसतात. कथेचा सांगाडा तेवढा ठरलेला असतो, बाकी बोलणे नट जागच्या जागी रचतात. श्रीमंत अंतःपुरातील स्त्रियांच्या गजाली पुरुषाच्या मुखातून ऐकायला अंगणात स्त्रिया बसलेल्या असतात, हे दृश्य नाट्यशास्त्राच्या आणि नीतिशास्त्राच्या अभ्यासकाला पुष्कळ शिकवणारे आहे.

पैशुन्याची सर्वांत नेमकी व्याख्या शंकराचार्यांच्या गीताभाष्यात सापडते. गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या दुसऱ्या श्लोकात दैवी संपत्तीच्या गुणांत ‘अपैशुन’ मोजले आहे, आणि त्यावर भाष्यकार म्हणतात की दुसऱ्याचे छिद्र तिसऱ्याजवळ उघड करणे हे पैशुन, आणि त्याचा अभाव ते अपैशुन. या व्याख्येत सत्यासत्याचा उल्लेखच नाही. तीत महत्त्वाची आहेत ती तीन माणसे: बोलणारा, ऐकणारा आणि जो तेथे नाही तो. छिद्र खरेच असेल, पण ज्याचे ते आहे त्याला उत्तर देण्याची, लाज वाटून घेण्याची किंवा सुधारण्याची संधी नाही; तो माणूस त्या संभाषणात केवळ वस्तू होऊन राहतो. ज्ञानेश्वरांनी याच शब्दावर लिहिताना वेगळी आणि जास्त कठीण मागणी केली. देवाची आधी पूजा करावी आणि मग त्याच्याकडे पाहावे, आधी पेरावे आणि मग शेताकडे जावे, तसे दुसऱ्यातले उणे आधी आपल्या गुणाने भरून काढावे आणि मगच त्याच्याकडे नजर वळवावी, असा त्यांचा आशय आहे. शंकराचार्य जिभेला आवर घालायला सांगतात. ज्ञानेश्वर डोळ्याला सांगतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीने मराठी वाचकाच्या हाती दिलेली ही कसोटी इतकी उंच आहे की तिच्यापुढे कोणतेही प्रहसन टिकेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. कारण प्रहसन उणे झाकत नाही, ते मोठे करून दाखवते.

श्रीमंत स्त्रियांच्या कुजबुजीवर उभ्या असलेल्या नाट्यकथेचा आपल्याकडील मूळ नमुना द्वारकेत सापडतो. हरिवंशाच्या विष्णुपर्वात नारद स्वर्गातील पारिजाताचे फूल घेऊन रैवतक पर्वतावर येतो आणि ते कृष्णाला देतो. कृष्ण ते जवळच बसलेल्या रुक्मिणीला देतो. नारद तिच्या भाग्याची अशी काही स्तुती करतो की सत्यभामेच्या दासी ती ऐकून धावत जातात आणि मालकिणीला सारे सांगतात. सत्यभामा दागिने उतरवून कोपगृहात शिरते. तिच्या समजुतीसाठी कृष्णाला इंद्राशी वैर पत्करून झाडच आणावे लागते. पुढे पुण्यक व्रतात सत्यभामा कृष्णाला पारिजाताला बांधून नारदाला दान करते आणि मोबदला देऊन त्याला परत मिळवते. नंतरच्या लोकपरंपरेने या व्रताला तुलेचा प्रसंग जोडला: सत्यभामेचे सारे सोने पारड्यात पडूनही कृष्णाचे पारडे हलत नाही आणि रुक्मिणीच्या एका तुळशीदलाने ते वर येते. आंध्रातील कुचिपुडी परंपरेने सत्यभामेच्या या मानिनी रूपावर ‘भामाकलापम्’ उभे केले आणि तेथेही ती भूमिका पिढ्यान्‌पिढ्या पुरुष नटांनी केली.

या कथेशेजारी विसाव्या शतकातील एक अमेरिकन प्रहसन ठेवून पाहण्यासारखे आहे. क्लेअर बूथ ल्यूस या लेखिकेचे ‘द विमेन’ हे नाटक २६ डिसेंबर १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आले आणि त्याचे ६५७ प्रयोग झाले. त्यात एकही पुरुष रंगमंचावर येत नाही, पण बोलणे बहुतेक पुरुषांविषयीच चालते. नायिका मेरी हिला नवऱ्याचे प्रकरण कळते ते नखे रंगवणाऱ्या बाईकडून, आणि त्या बाईकडे तिला मुद्दाम पाठवलेले असते तिच्याच मैत्रिणीने, सिल्व्हियाने. द्वारकेतील दासी आणि न्यूयॉर्कमधील नखे रंगवणारी यांचे काम एकच आहे: मोठ्या घरातील छिद्र दुसऱ्या मोठ्या घरात पोचवणे. दोन्हीकडे ती बातमी खरी आहे. दोन्हीकडे बातमीने दुखावलेली स्त्री ऐश्वर्यात लोळते, पण ते ऐश्वर्य तिचे नाही; पतीच्या मर्जीवर ते अवलंबून आहे, म्हणून त्या मर्जीची प्रत्येक बातमी तिच्यासाठी बाजारभावाइतकी निकडीची असते. सभेत ज्यांना आसन नाही त्यांना जगाची खबर कुजबुजीतूनच मिळते. ही परिस्थिती ध्यानात न घेता अंतःपुरातील कुजबुजीला स्त्रीस्वभाव म्हणणे हा उघड अन्याय आहे.

दोन कथांमधील खरा फरक शेवटाकडे दिसतो. ल्यूस यांची मेरी चहाडीला चहाडीनेच उत्तर देते. प्रतिस्पर्धिनीचे गुपित बाहेर काढून ती नवरा परत मिळवते, मात्र मैत्री कुणाचीच कुणाशी उरत नाही. द्वारकेत असे घडत नाही. तुलेच्या प्रसंगात सत्यभामेला आपले सोने पुरे पडत नाही हे सर्वांसमक्ष मान्य करावे लागते, आणि मदतीसाठी ती जिच्याकडे वळते ती तिची सवतच असते. रुक्मिणी तुळशीदल ठेवते तेव्हा ती जिंकते असे कथा म्हणत नाही. सत्यभामेचा पती सत्यभामेला परत मिळतो, इतकेच घडते. सारा रुसवा ज्या फुलापासून सुरू झाला, त्याची जागा एका पानाने घेतली आणि दोन स्त्रिया त्या पानापाशी एकत्र आल्या, हे या आख्यानाचे मर्म आहे.

आता नारदाचा प्रश्न. मराठीत भांडण लावणाऱ्याला ‘कळीचा नारद’ म्हणतात, आणि तरीही गीतेच्या दहाव्या अध्यायात देवर्षींमध्ये मी नारद आहे असे भगवंत सांगतात. पैशुन्य जर दैवी संपत्तीच्या विरुद्ध असेल, तर चहाड्यांचा हा अधिपती देवर्षी कसा? परंपरेचे नेहमीचे उत्तर असे की त्याची कळ अखेर लोककल्याणाची ठरते. हे उत्तर अपुरे आहे, कारण परिणाम चांगला झाला म्हणून कृत्य शुद्ध ठरवायचे असेल तर प्रत्येक चाडीखोर तुझ्या भल्यासाठीच सांगितले असे म्हणून सुटेल, आणि सिल्व्हियाही मेरीला तेच म्हणू शकेल. शंकराचार्यांची व्याख्या लावून पाहिली तर अधिक चांगले उत्तर मिळते. नारद रुक्मिणीच्या तोंडावर रुक्मिणीविषयी बोलतो, कृष्णाच्या समक्ष बोलतो, आणि ज्या व्रताने हा पेच सुटतो त्या व्रतात स्वतः उभा राहतो. आग लावून तो पसार होत नाही. दासी मात्र अनुपस्थितांविषयी बोलतात. त्या कथेत पैशुन्य घडतेच, पण ते वीणाधारी मुनीकडून घडत नाही, दाराआडून ऐकणाऱ्या कानांकडून घडते.

नारदाच्या नावावर असलेल्या भक्तिसूत्रांतील त्रेसष्टावे सूत्र याला पूरक आहे. चौऱ्याऐंशी सूत्रांच्या त्या छोट्या ग्रंथात भक्ताने स्त्री, धन आणि नास्तिक यांच्या हकिकती ऐकू नयेत असे सांगितले आहे. काही पाठांत वैऱ्यांचीही भर आहे. वरवर पाहता हे सूत्र स्त्रियांविरुद्ध वाटते, आणि तसे ते अनेकदा वापरलेही गेले. परंतु सूत्र बंदी घालते ती स्त्रियांविषयीच्या कहाण्यांवर, स्त्रियांनी सांगितलेल्या कहाण्यांवर नाही. दुसऱ्याच्या बायकोची, दुसऱ्याच्या पैशाची, दुसऱ्याच्या अश्रद्धेची चर्चा चवीने ऐकण्याची ही जी खोड आहे, ती पुरुषांच्या पारावर तितकीच नांदते. शिवाय सूत्र ऐकणाऱ्याला उद्देशून आहे हे विशेष. चहाडीच्या पापात कानाचाही निम्मा वाटा आहे, हे फार थोड्या ग्रंथांनी इतक्या स्पष्टपणे सांगितले.

स्त्रियांनी सांगितलेल्या गजालींना महाभारताने दिलेले स्थान पाहिले म्हणजे हा मुद्दा पक्का होतो. वनपर्वात द्रौपदी-सत्यभामा संवाद नावाचे एक छोटे उपपर्वच आहे. कृष्णासोबत वनात आलेली सत्यभामा आणि वनवासी द्रौपदी बऱ्याच दिवसांनी भेटतात, एका बाजूला निवांत बसतात आणि हसत हसत कुरूंच्या व यादवांच्या गोष्टी एकमेकींना सांगतात. व्यासांनी या गजालींना दोष दिलेला नाही. मग सत्यभामा विचारते की पाच पती तुझ्या वश कसे राहतात, त्यामागे काही मंत्र आहे की औषध? द्रौपदी या प्रश्नावरच तिला फटकारते, आणि त्यानंतरच्या उपदेशात एक फार सूक्ष्म गोष्ट सांगते: पती तुझ्याजवळ जे बोलेल ते लपवण्यासारखे नसले तरी बाहेर बोलू नकोस, कारण एखादी सवत तेच वासुदेवाला जाऊन सांगेल आणि त्याचे मन तुझ्यावरून उडेल. येथे चहाडी कशी जन्मते याचे नेमके वर्णन आहे. निरुपद्रवी शब्दसुद्धा एका कानातून दुसऱ्या कानात जाताना विषारी होतो, कारण वाटेत त्याचा प्रसंग, स्वर आणि माया गळून पडते. पारिजाताच्या रुसव्याची नायिका असलेल्या सत्यभामेनेच हे ऐकावे, यात व्यासांची दृष्टी दिसते. भागवताच्या दशम स्कंधातील त्र्याऐंशीव्या अध्यायात तर सूर्यग्रहणानिमित्त कुरुक्षेत्रात जमलेल्या कृष्णाच्या राण्यांना द्रौपदी तुमची लग्ने कशी झाली असे विचारते आणि प्रत्येक राणी आपली कथा स्वतः सांगते. विषय अगदी हळदीकुंकवाला निघावा तसा घरगुती आहे, आणि तरीही तो अध्याय भक्तांनी कथेइतकाच पवित्र मानला, कारण तेथे जी बोलते तिची गोष्ट तिचीच आहे. कुणीही अनुपस्थित नाही.

उलट मित्रभेदाचा संस्कृत वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग पाहिला तर त्यात एकही स्त्री नाही. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्राचे नावच ‘मित्रभेद’ आहे. त्यात दमनक नावाचा कोल्हा पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची गाढ मैत्री दोघांच्या कानाशी आळीपाळीने लागून मोडतो आणि सिंहाकडून बैलाचा जीव घेववतो. सारा कारभार राजसभेतला, मंत्रिपदाच्या लोभाचा आणि पुरुषी आहे. असे असताना नाट्यशास्त्राने हास्यरस बहुधा स्त्रिया आणि नीच प्रकृतीची माणसे यांच्यात आढळतो असे म्हणावे, आणि स्मित-हसित हे उत्तमांचे, विहसित-उपहसित हे मध्यमांचे व अपहसित-अतिहसित हे अधमांचे अशी हास्याची उतरंड लावावी, हे भरतमुनींच्या एरवीच्या उदार दृष्टीला शोभणारे नाही. दशावताराच्या अंगणात मोठ्याने हसणाऱ्या बायका अधम प्रकृतीच्या नसतात. घरातील ज्या गोष्टी त्यांना दबक्या आवाजात बोलाव्या लागतात, त्या राणीच्या वेषातला नट उघड्यावर बोलतो आहे, म्हणून त्या हसतात.

येथे साधारणीकरणाची संकल्पना आवश्यक ठरते. काश्मीरचे भट्टनायक आणि त्यांच्यानंतर अभिनवगुप्त यांनी मांडलेल्या या विचाराचा गाभा असा की रंगमंचावरील भावना ना माझी ना परक्याची अशा रीतीने प्रेक्षकापुढे येते; सत्यभामेचा रुसवा पाहताना प्रेक्षक तो सत्यभामेचा म्हणून पाहत नाही आणि शेजारणीचाही म्हणून पाहत नाही. चाडीत माणसाचे नाव हाच सारा रस असतो, नाव काढून घेतले की चाडी फिकी पडते. प्रहसनात उलट घडते, नाव गळते तेव्हा रस चढतो. शंकराचार्यांच्या व्याख्येतील तो तिसरा, अनुपस्थित माणूस प्रहसनात उरतच नाही, कारण ज्याचे छिद्र दाखवले जाते तो प्रेक्षकांतच बसलेला असतो आणि दुसऱ्याला हसत असताना स्वतःलाही हसतो. नाट्यशास्त्रात आत्मस्थ आणि परस्थ असे हास्याचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक स्वतःच्या ठायी उमटणारे, दुसरे इतरांत उमटवले जाणारे. चांगल्या प्रहसनात हे दोन्ही एकाच क्षणी घडतात, आणि ज्ञानेश्वरांच्या कठीण कसोटीजवळ प्रहसन पोचते ते याच ठिकाणी: दुसऱ्याचे उणे पाहण्यापूर्वी प्रेक्षकाने ते आपले म्हणून ओळखलेले असते.

मात्र हा नियम आपोआप लागू होत नाही. मराठी रंगभूमीवरच त्याची दोन टोके दिसतात. गोविंद बल्लाळ देवल यांच्या १९१६ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत संशयकल्लोळ’मध्ये एका तसबिरीवरून श्रीमंत फाल्गुनराव आणि त्याची पत्नी कृत्तिका एकमेकांवर संशय घेतात, त्यात रेवती व आश्विनशेट ओढले जातात, आणि अखेर सारे जण समोरासमोर आल्याबरोबर संशय विरतो, जे पाठीमागे बोलले गेले ते समोर बोलले गेले की त्याचे हसू होते. विजय तेंडुलकरांच्या १९६७ च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मध्ये मंडळी गंमत म्हणून अभिरूप न्यायालय मांडतात, आणि लीला बेणारेच्या खासगी आयुष्याविषयीची कुजबुज त्या खेळाच्या आडून साक्षी-पुराव्याचे रूप घेते. बेणारे तेथे उपस्थित आहे, तरीही तिला अनुपस्थित केले जाते; खेळातही नाव गळत नाही, उलट नाव हाच खेळ होतो. सौ. काशीकर या त्यात हिरिरीने भाग घेणाऱ्या स्त्रीकडे पाहिले तर कळते की कुजबुजीची शिकार होण्याची भीती ज्यांना आहे, त्याच कधीकधी ती सर्वांत जोराने चालवतात. तेंडुलकरांनी प्रहसनाची रीत घेऊन तिच्यातच पैशुन्य कसे दबा धरून बसते हे दाखवले. रंगमंच म्हणजे पापमुक्तीचा परवाना, असा समज कुणी करून घेऊ नये, हे त्यावरून स्पष्ट होते.

या साऱ्यात एक उणीव खटकते. सत्यभामा आणि रुक्मिणी, कृत्तिका आणि रेवती, दासी आणि सख्या यांचे बोल बहुतांशी पुरुषांनी लिहिले, आणि दशावतारात तर पुरुषांनीच रचले व बोलले. बांद्यापासून जवळच असलेल्या सावंतवाडीत जन्मलेल्या हिराबाई पेडणेकर यांनी ‘जयद्रथ विडंबन’ आणि १९१२ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘संगीत दामिनी’ ही नाटके लिहून मराठीतील आरंभीच्या स्त्री नाटककारांत मानाचे स्थान मिळवले. पण त्यांच्या नाटकांपेक्षा त्यांच्या आयुष्याविषयीच जास्त बोलले गेले. नायकीण समाजातून आलेल्या एका विदुषीच्या वाट्याला रसिकांची दाद थोडी आणि गजाली पुष्कळ आल्या, आणि त्या गजालींचे रूप चाडीचेच होते.

दशावतारातील राण्यांचे संवाद सहसा लिहून ठेवले जात नाहीत. ज्या नटाने सत्यभामेचा रुसवा मालवणी घरातील रुसव्यासारखा रंगवला, त्याचे त्या रात्रीचे शब्द पहाटे दहीकाल्याची हंडी फुटली की हवेत विरतात. बांदा आणि परिसरातील महाविद्यालये, वाचनालये आणि देवस्थान समित्या यांनी पुढील हंगामापासून नाट्यमंडळांच्या संमतीने ही आख्याने ध्वनिमुद्रित करून लिहून काढावीत, आणि ते काम करताना अंगणात बसलेल्या स्त्रियांना कुठल्या वाक्याला हसू आले व का आले हेही त्यांच्याच शब्दांत नोंदवून घ्यावे.